सहा पर्वत्या आणि एक काठी

"श्रवणबेळगोळला पायऱ्या किती गं?"

सासूबाईंनी मेथी निवडता निवडता सहज विचारल्यासारखं विचारलं, तेव्हाच मला ओळखायला हवं होतं. सहज विचारणं हा त्यांचा स्वभावच नाही. साताऱ्याच्या एका शाळेत त्यांनी ३१ वर्षं मराठी शिकवलं. गोमटेश्वराच्या पायाशी असलेली 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही ओळ दरवर्षी फळ्यावर ठळक अक्षरात काढून त्या मुलांना समजावून देत. मराठीतला आद्य शिलालेख म्हणून त्यांच्या पिढीनं ही ओळ शके ९०५ या आकड्यासकट पाठ केली. पुढे अभ्यासकांनी तिचा काळ अलीकडे ओढला आणि अलिबागजवळच्या अक्षीचा शके ९३४ चा लेख पुढे आला, हेही त्यांना ठाऊक. पण फळ्यावर तीनचारशे वेळा लिहिलेली ती ओळ त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिलेली नव्हती. मामंजी असताना दोनदा बेत ठरला. एकदा मुलांच्या परीक्षा आडव्या आल्या आणि एकदा मामंजींचं आजारपण. मग मामंजीच गेले.

"असतील साडेसहाशेच्या आसपास," मी म्हटलं.

"म्हणजे सहा पर्वत्या." पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, त्यामुळे आमच्या घरी चढाचं माप पर्वतीनंच होतं. "सहा पर्वत्या काही मला जमायच्या नाहीत," एवढं बोलून त्या पुन्हा मेथीकडे वळल्या.

सासूबाईंचं वय ७८. दीड वर्षापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून डाव्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आत स्क्रू बसले. सहा महिन्यांत वॉकर धरून घरात हिंडू लागल्या, पण उंबऱ्याबाहेरचं जग आक्रसलं ते आक्रसलंच. यांनी मात्र त्याच रात्री जाहीर केलं, "नाताळच्या सुट्टीत म्हैसूर, बेलूर, हळेबीड आणि श्रवणबेळगोळ. एक व्हीलचेअर घेतली की प्रश्न मिटला."

प्रश्न मिटला नाही. "खुर्चीत बसून मी गावोगाव मिरवायची नाही," असं सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं. प्रवासाची तयारी खरी तिथून सुरू झाली.

कोणत्या हातात काठी?

वैद्यकीय साहित्याच्या दुकानात गेलं की छाती दडपते. साध्या काठ्या, घडीच्या काठ्या, चार पायांच्या काठ्या, चाकांचे वॉकर, बिनचाकांचे वॉकर, उघडली की स्टूल होणारी काठी! दुकानदार प्रत्येक वस्तू 'हीच सगळे नेतात' म्हणून दाखवतो. आम्ही शहाणपणा केला तो इतकाच, की दुकानाआधी सासूबाईंच्या फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तिथली जमीन कशी आहे?" आम्ही आजींचं दुखणं सांगायला गेलो होतो आणि बाई जमिनीची चौकशी करत होत्या!

त्यांचं म्हणणं पुढे पदोपदी पटलं. वॉकर घरातल्या गुळगुळीत फरशीवर उत्तम; पायऱ्यांवर त्याचा उपयोग नाही आणि खडबडीत दगडावर तो अडखळतो. चार पायांची काठी दिसायला भक्कम असते, पण चारही पाय एकाच वेळी जमिनीला टेकले तरच. आम्ही ती आमच्या सोसायटीतल्या फरसबंदीवर चालवून पाहिली. दर तिसऱ्या पावलाला एक पाय अधांतरी राही आणि काठी डुगडुगे. जिन्याच्या अरुंद पायरीवर तर तिचं बूड मावेना. स्टूल होणाऱ्या काठीवर बसलं तर ठीक, पण ती टेकत चालायला अवजड. शेवटी साधी, एका पायाची काठीच ठरली.

काठी मापाची हवी हे मला तोवर माहीतच नव्हतं. नेहमीची पादत्राणं घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, मनगटाला जिथं घडी पडते तिथं काठीची मूठ यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. काठी लांब असेल तर खांदा वर चढतो, आखूड असेल तर माणूस वाकतो. आणि काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात! सासूबाई इतके दिवस डावा पाय दुखरा म्हणून डाव्याच हातात काठी धरत होत्या. ती उजव्या हातात दिली आणि काठी व डावा पाय बरोबर टाकायला शिकवलं, तेव्हा चारच पावलांत त्यांचं लंगडणं निम्म्यावर आलं.

जिन्याचाही नियम असतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. सासूबाईंनी तो लगेच वर्गातल्या भाषेत करून घेतला. "चढताना हुशार मुलगा पुढे, उतरताना ढ मुलगा पुढे." त्यानंतर पंधरा दिवस आमच्या जिन्यात "चल रे हुशार", "ये रे ढब्बू" असा पुकारा सकाळ-संध्याकाळ ऐकू येई. ही रंगीत तालीम प्रवासाआधी करायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. नवी काठी पहिल्यांदा देवळाच्या पायरीवर टेकायची नसते.

काठीवरून एक पेच मात्र पडला. सासूबाईंना दुकानातली ॲल्युमिनियमची काठी नको होती. "काठी घ्यायचीच तर यांची घेईन." मामंजींची शिसवी काठी कपाटामागे उभी होती. फिजिओथेरपिस्ट बाईंनी ती मोजली. "दोन इंच लांब आहे आणि खाली रबर नाही. कापून बूच बसवलं तर चालेल."

मामंजींची काठी कापायची? आम्ही कोणी बोललो नाही. सासूबाईंनी दोन दिवस ती आपल्या पलंगाशी उभी करून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी म्हणाल्या, "कापा. ते माझ्यापेक्षा उंच होतेच."

कोपऱ्यावरच्या सुतारानं ती कापून दिली. तळाशी घट्ट बसणारं रबरी बूच लावलं आणि त्याच मापाची दोन जास्तीची घेतली. बूच झिजून गुळगुळीत झालं की काठी ओल्या फरशीवर घसरते आणि हवं तेव्हा नेमकं मापाचं बूच मिळत नाही.

खुर्ची येते, पण डिकीत

व्हीलचेअर विकत घेण्याचा विचार आम्ही सोडला. आपल्याकडे गावोगाव मंडळं, ट्रस्ट रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतात. तिथं अनामत रक्कम ठेवून खुर्ची मिळते, परत केली की अनामत परत. खुर्च्या दोन तऱ्हेच्या. मोठ्या चाकांची, जी बसणाऱ्याला स्वतः हातानं फिरवता येते. ती पोलादी असली तर सोळा-अठरा किलोंची धोंड. दुसरी लहान चाकांची, दुसऱ्यानं ढकलायची, दहा-बारा किलोंची. लहान चाक दगडांच्या फटीत अडकतं, मोठं ते सहज ओलांडतं. तरी आम्ही हलकी घेतली आणि पुन्हा गेलो तरी हलकीच घेऊ. कारण अशा सहलीत खुर्ची दोन वेळा ढकलावी लागते आणि दहा वेळा उचलावी लागते.

भाड्याची गाडी ठरवताना एक प्रश्न जरूर विचारा, तो म्हणजे डिकीत गॅसची टाकी आहे का? टाकी असली तर घडी केलेली खुर्चीही मावत नाही, मग ती टपावर बांधायची आणि प्रत्येक थांब्याला उतरवायची. शिवाय गाडीची बैठक फार खाली नको. खोल बैठकीतून उठताना खुब्यावर भलताच ताण येतो. सासूबाईंसाठी आम्ही एक घट्ट उशी नेली होती, ती बैठकीवर ठेवली की काम भागे.

म्हैसूरला आम्ही रेल्वेनं गेलो. वरिष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा राखीव कोटा आहे. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रियांसाठी, मात्र तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असले पाहिजेत. सगळ्या कुटुंबाचं एकच तिकीट काढलं की हा लाभ हातचा जातो. म्हणून सासूबाई आणि मी एका तिकिटावर, हे आणि आमची लेक दुसऱ्या. दोघींना खालचे बर्थ मिळाले.

वाटेतल्या एका स्थानकावर उतरून पाय मोकळे करायचे ठरवलं होतं. तिथं खुर्ची मागितली तर आली, पण एका चाकात हवाच नाही. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, हिचाही खुबा मोडलेला दिसतोय."

विमानानं जाणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवायची आणि नेमकी अडचण सांगायची. लांब चालता येत नाही पण जिना चढता येतो, जिनाही चढता येत नाही, की आसनापर्यंतही चालता येत नाही, अशा तीन पायऱ्या त्यांच्याकडे असतात. भिडेपोटी "थोडं चालतात" असं सांगितलं, तर विमानाच्या शिडीशी पंचाईत होते.

मुक्कामाच्या हॉटेलला मी पुण्याहून फोन केला होता. लिफ्ट आहे का? आहे. कमोड आहे का? आहे. तिथं पोचलो तर लिफ्ट होती, पण ती सात पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होत होती! तेव्हापासून मी प्रश्न बदलला, "रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती?"

न्हाणीघर ही आमच्या घरची दुखरी जागा, त्यामुळे तिथं मी हयगय केली नाही. घरून प्लास्टिकचं भक्कम स्टूल, रबरी चटई आणि रात्रीसाठी लहान बॅटरी नेली होती. दाब देऊन भिंतीला चिकटवायच्या मुठी बाजारात मिळतात. मी एक चिकटवून जोरानं ओढून पाहिली, ती माझ्या हातात आली. असल्या मुठीवर म्हाताऱ्या माणसाचा भार टाकायला माझं मन धजत नाही. सगळ्या सहलीत सर्वांत उपयोगी वस्तू कोणती ठरली म्हणाल, तर ते दोनतीनशे रुपयांचं स्टूल.

"मला विचारा"

म्हैसूरला रविवारी पोचण्याचा बेत मुद्दाम केला होता. दर रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर जवळजवळ लाखभर दिवे लागतात. जुना लाकडी राजवाडा १८९७ साली जळाला, तेव्हा हेन्री आयर्विन या वास्तुशिल्पज्ञाकडून हा नवा बांधून घेतला गेला, तो पुरा झाला १९१२ साली. फाटकापासून वाड्यापर्यंतची चाल मोठी. सासूबाईंनी अंतराकडे पाहिलं, मग काठीकडे पाहिलं. "फाटकापासून दारापर्यंत बसते. आत चालणार."

अशी त्या पहिल्यांदा खुर्चीत बसल्या. पाच मिनिटांनी म्हणाल्या, "अगं, मला राजवाडा नाही, लोकांच्या पाठी दिसताहेत." खरंच होतं ते. खुर्चीतल्या माणसाची नजर उभ्या माणसाच्या कमरेशी असते. आपण गर्दीतून खुर्ची ढकलत पुढे नेतो, समजतो की यांना दिसतंय. मग आम्ही गर्दी टाळून बाजूला, मोकळ्या जागी थांबायला शिकलो. दिवे लागले तेव्हा त्यांच्यासमोर कोणी नव्हतं. दिवे लागल्याबरोबर सगळं मैदान एका दमात "हा!" म्हणालं, आणि त्यात आमच्या सासूबाईही होत्या.

परतताना एका इमारतीच्या उतारावर मात्र माझी पाचावर धारण बसली. मी खुर्ची तोंड पुढे करून उतरवत होते. दमले म्हणून डावा ब्रेक लावला, तर तो धरेचना. खुर्ची तिरकी झाली, सासूबाई पुढे झुकल्या. लेकीनं धावत येऊन समोरून धरली म्हणून निभावलं. उतारावर खुर्ची उलटी उतरवायची असते, आपण खालच्या बाजूला, पाठमोरं एकेक पाऊल टाकत. म्हणजे बसलेला माणूस पाठीशी रेलून राहतो. आणि खुर्ची ताब्यात घेतानाच दोन्ही ब्रेक दाबून पाहायचे असतात. मी घेताना फक्त गादी स्वच्छ आहे का ते पाहिलं होतं! त्याच वेळी हेही लक्षात आलं की सासूबाईंचा पदर चाकापासून चार बोटांवर लोंबतो आहे. मग रोज सकाळी पदर खोचून, वर एक पिन लावल्याशिवाय त्यांना खुर्चीत बसू दिलं नाही. साडीही घोट्याच्या वर दोन बोटं.

रात्री जेवायला गेलो. वाढप्यानं खुर्चीतल्या सासूबाईंकडे पाहिलं आणि हिंदीत मला विचारलं, "अम्मा क्या लेंगी?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंचा वर्गातला आवाज घुमला, "मेरे को पूछो. मेरा पाँव टूटा है, कान नहीं." बिचारा वरमला. नंतर त्यानं त्यांना विचारून विचारून दोन वाट्या रसम जास्त वाढलं. मला मात्र आठवत राहिलं की गेलं दीड वर्ष डॉक्टर, दुकानदार, पाहुणे सगळे मलाच विचारत होते, "यांना कसं वाटतंय?" आणि मीही उत्तरं देत होते.

बेलूरची बैठक

हासनला मुक्काम हलवून आम्ही बेलूरला गेलो. विष्णुवर्धनानं १११७ साली उभारलेलं चेन्नकेशवाचं हे मंदिर, जवळचं हळेबीड आणि सोमनाथपूर यांना २०२३ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. होयसळांची ही देवळं ताऱ्याच्या आकाराच्या उंच जोत्यावर उभी आहेत. जोत्यावर चढायला पायऱ्या आहेत, आणि एकदा वर गेलं की देवळाभोवती फिरायला प्रशस्त सपाट जागा. खुर्ची गाडीतच राहिली. सासूबाई हुशार मुलाला पुढे घालून काठीनं चढल्या. मी मागे एक पायरी खाली, हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर. हा रुंद कापडी पट्टा फिजिओथेरपिस्ट बाईंनी दिला होता. म्हाताऱ्या माणसाला दंडाला धरून ओढू नये, तोल जातो आणि खांदाही दुखावतो. पट्टा धरला की माणूस स्वतः चालतो, आपण फक्त सावध असतो.

अनवाणी पायांचा प्रश्न होताच. साधे मोजे गुळगुळीत दगडावर घसरतात, म्हणून तळव्याला रबरी ठिपके असलेले सुती मोजे आणले होते. दुपारचा दगड तापतो, तेव्हा सकाळीच गेलेलं बरं. गाभाऱ्याकडच्या मंडपात शिरताना मात्र क्षणभर थांबा. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की डोळ्यांपुढे अंधार येतो, आणि उंबरा नेमका त्याच वेळी आडवा येतो.

बेलूरच्या मदनिका छपराखाली, खांबांच्या माथ्याशी तिरक्या बसवलेल्या आहेत. आरशात पाहणारी दर्पणसुंदरी सगळ्यांना ठाऊक असते. पण उभ्यानं मान वर करून पाहिलं की म्हाताऱ्या माणसाला भोवळ येते. मग आमचं प्लास्टिकचं स्टूल कामी आलं. लेक ते प्रत्येक मदनिकेसमोर ठेवी, सासूबाई बसत, दोन्ही हात काठीच्या मुठीवर, पाठ माझ्या पोटाला टेकलेली, आणि निवांत वर पाहत. वाटाडे चाळीस मिनिटांत देऊळ उरकतात, आम्हाला अडीच तास लागले. मी इथं लग्नानंतर एकदा येऊन गेले होते. तेव्हा काय पाहिलं होतं कोण जाणे! दागिन्यांतली पोकळी, बोटाच्या पेरापेरावरच्या अंगठ्या, हे सगळं सासूबाईंच्या चालीनं चाललो म्हणून दिसलं.

हळेबीडला तर गंमतच झाली. तिथं भिंतीवर हत्ती, सिंह, घोडे, कथाचित्रं अशा एकावर एक रांगा कोरल्या आहेत. सर्वांत खाली हत्ती. उभ्या माणसाचं लक्ष वरच्या देवादिकांकडे जातं. सासूबाई स्टुलावर बसल्या तर हत्ती बरोबर त्यांच्या नजरेसमोर. "एकही हत्ती दुसऱ्यासारखा नाही," त्यांनी निकाल दिला. लेक वाकून तपासायला लागली.

चौघांच्या खांद्यावर

श्रवणबेळगोळचा दिवस उजाडला. साडेसहाला आम्ही विंध्यगिरीच्या पायथ्याशी होतो. अख्खी टेकडी म्हणजे एक उघडा, पालथ्या परातीसारखा खडक, आणि त्यातच कोरलेल्या पायऱ्या. चपला खालीच काढायच्या. काठावर लोखंडी कठडा आहे. डोलीची सोयही आहे, बांबूंना बांधलेली खुर्ची, उचलायला चौघे. यांनी पुण्यातच डोलीचं ठरवून टाकलं होतं. सासूबाईंना त्यांनी आत्ता, इथं सांगितलं. सांगायला उशीर केला ही चूकच, पण घरी सांगितलं असतं तर त्या निघाल्याच नसत्या.

डोलीकडे पाहून सासूबाई म्हणाल्या, "चौघांनी उचलायची वेळ अजून आली नाही माझी."

यावर काय बोलणार? यांचा चेहरा उतरला. सासूबाई काठी टेकत पायऱ्यांकडे गेल्या. उजव्या हातात काठी, डावा हात कठड्यावर. आम्ही मागून. एक, दोन, तीन. पायऱ्या ठेंगण्या आहेत पण सारख्या नाहीत, काही झिजून मधे खोलगट झालेल्या. चाळीस झाल्या. पन्नासाव्या पायरीला त्या थांबल्या. छपन्नाव्या पायरीवर बसल्या. मी पाणी दिलं. वर पाहिलं तर पायऱ्या आभाळात चाललेल्या. खाली पाहिलं तर उतरायला छपन्न पायऱ्या, आणि दुखऱ्या पायाला उतरणं चढण्याहून कठीण असतं.

डोलीवाले आमच्या मागोमाग रिकामी डोली घेऊन चढत आले होते. त्यांतला एक पिकल्या मिशांचा गडी दोन पायऱ्या खाली बसला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "अम्मा, तुम नहीं बैठेगा तो हम बैठेगा. दिन भर."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुमची उमर काय?"

"साठ."

"खांदा दुखत नाही?"

त्यानं खांद्यावरची कापडाची चुंबळ काढून दाखवली, जणू आपलं अवजार दाखवावं तशी. सासूबाईंनी ती बोटांनी दाबून पाहिली. तिची जाडी, घडी, कुठं झिजली आहे ते. मग काठी माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "चला. पण मधे मधे थांबायचं. मी सांगेन तेव्हा नाही, तुम्हाला वाटेल तेव्हा."

दर आधी ठरवून घ्यावा, पट्टा बांधून बसावं आणि उचलताना, ठेवताना पाय आत घ्यावेत, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं. सुरुवातीला त्यांनी डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्या विश्रांतीला उघडले. तिसऱ्या विश्रांतीला त्या मिशीवाल्याला कानडी आकडे विचारत होत्या. आम्ही मात्र धापा टाकत मागे राहिलो होतो!

माथ्यावर डोली खाली ठेवली. पुढची थोडी चाल सासूबाईंना स्वतः करायची होती. त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली. आत काठीचं कोरं बूच होतं. "इतके दिवस रस्त्यात टेकलेलं आत कसं न्यायचं? आपण चपला काढतो ना?" यांनी वाकून जुनं बूच ओढून काढलं आणि नवं बसवलं. मामंजींची काठी उजव्या हातात घेऊन त्या आत गेल्या.

गोमटेश्वराची मूर्ती सुमारे ५७ फुटांची, एका खडकातून घडवलेली. गंग राजांचा सेनापती चावुंडराय यानं ती इ.स. ९८१ च्या सुमारास उभी केली. पायांशी वारुळं, अंगावर चढलेल्या वेली, आणि मुद्रा अशी की हजार वर्षांत कोणी घाई केलेली नाही. लोक मान वर करून तोंडाकडे पाहत होते. सासूबाई खाली पाहत होत्या. स्टूल मांडलं, त्या बसल्या, चष्मा पुसला. पायाशी दगडावर ती ओळ होती. नागरीत, जुन्या वळणाची, पण वाचता येईल अशी. त्यांनी बोट हवेत धरून, फळ्यावर फिरवावं तसं फिरवत, एकेक अक्षर वाचलं. श्री. चा. वु. ण्ड. राजें. मग थांबल्या. करवियलें.

बराच वेळ कोणी बोललं नाही. लेकीनं त्यांचा हात धरला होता.

मिशीवाला आमच्यामागून आत येऊन खांबाशी उभा होता. सासूबाई त्याच्याकडे वळल्या. "इथं कानडीतही हेच लिहिलंय. माडिसिदं."

"माडिसिदा!" तो हसला. शब्द त्याच्या घरचाच होता.

"व्याकरण पाहा कसं आहे," सासूबाई आता आम्हाला सांगत होत्या, आवाज पुन्हा वर्गातला. "'केलें' नाही लिहिलेलं. 'करवियलें'. प्रयोजक क्रियापद. चावुंडरायानं छिन्नी हातात घेतली नव्हती. दुसऱ्यांच्या हातून करवून घेतलं, आणि तसं सरळ लिहून ठेवलं." मग काठीवर भार देत उठल्या. "मीसुद्धा दर्शन करवियलें."

उतरताना त्या पहिल्या पायरीपासून डोलीत बसल्या, कोणी न सांगता. खाली आल्यावर चौघांशी हिशोब त्यांनीच केला, आपल्या पेन्शनच्या पैशांतून. यांना पाकीट काढू दिलं नाही. मग गाडीत बसून काठीचं कोरं बूच काढलं, पुडीत बांधून पर्समध्ये ठेवलं आणि जुनं पुन्हा बसवलं.

पुण्याला परतल्यावर चार दिवसांनी आम्ही खुर्ची परत करायला साहित्य केंद्रात गेलो. तिथल्या गृहस्थांनी वही पुढे केली आणि मला म्हणाले, "आजींचं नाव, परतीची तारीख लिहा. काही तक्रार?"

"मला विचारा," सासूबाई म्हणाल्या. वही आपल्याकडे ओढून घेतली, पेनचं टोपण काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'डावा ब्रेक सैल आहे. दुरुस्त केल्याशिवाय कोणासही देऊ नये.'